सातव्या यंत्राच्या ओळी

मृत समुद्र मागे सरतो आणि मागे उरलेली जमीन आतून पोकळ होते. म्हणून किनाऱ्यालगतच्या घोर नावाच्या सखल पट्ट्यातल्या या टोमॅटोच्या शेतात भूगर्भ खात्याने बारा यंत्रं पुरली होती. जमीन किती खचली, ते दर मिनिटाला लिहायची. सहा वर्षांच्या पावणेचार कोटी ओळी एकाच फाइलमध्ये साठल्या होत्या.

खात्यातल्या ताहानीने ती फाइल आदल्या दिवशी दोनदा उघडून पाहिली. दोन्ही वेळा जुना लॅपटॉप गोठला. मग तिने सकाळी नवा प्रोग्राम लिहिला: एक ओळ वाच, आकडा त्या यंत्राच्या आधीच्या आकड्यांपेक्षा मोठा असेल तर ठेव, ओळ विसर. लक्षात ठेवायचे फक्त बारा आकडे. वीज गेली की अर्धवट ओळी उमटत. त्या सोडून दे, असंही सांगितलं.

प्रोग्राम चालू असताना ती शेताच्या वरच्या अंगाच्या शेडमध्ये येरझाऱ्या घालत होती.

"बस की पोरी," मजूर बायांची मुकादम उम्म जर्राह म्हणाली. "तुझ्या पायांनीच खचायची जमीन."

निकाल आला. शंभर मिलिमीटरला धोका. एकही आकडा शंभरावर नव्हता. सातव्याचा मात्र नव्याण्णव.

"मग? उतरू खाली शेतात?"

"उतरा," ताहानी म्हणाली.

चौघी बाया खाली गेल्या, पण तिला चैन पडेना. पडद्यावर तळाशी लिहिलं होतं: सोडलेल्या ओळी ४,११२. इतक्या वेळा वीज जाते? तिने त्याच ओळी बाहेर काढल्या. थोड्या अर्धवट होत्या. बाकी सगळ्या सातव्या यंत्राच्या, गेल्या तीन दिवसांतल्या, आणि आकड्याच्या जागी नुसती फुल्यांची जोडी. यंत्रात दोनच अंकांची जागा होती. तीन अंकी आकडा तिथे मावत नव्हता, म्हणून यंत्र फुल्या लिहीत होतं आणि प्रोग्राम त्या ओळी अर्धवट समजून सोडत होता.

ती धावत सुटली.

"मावशी, वर बोलवा सगळ्यांना!"

"आत्ताच तर उतरा म्हणालीस!"

"चुकले मी. सातव्यापाशी कोण आहे?"

उम्म जर्राहचा चेहरा उतरला. "माझी सून." आणि तिने अशी हाक मारली की पलीकडच्या शेतातलेही वळून बघू लागले. बाया क्रेट तिथेच टाकून पळत वर आल्या.

चौघींची मजुरी बुडाली, त्या कुरकुरल्या. कोणीतरी चहा पुढे केला, पण ताहानी गाडीत बसून लॅपटॉप मांडीवर घेऊन होती. शेजारच्या गावाची फाइल तिने सकाळी याच प्रोग्रामने तपासून त्यांनाही होकार कळवला होता. आता न वाचता येणारी प्रत्येक ओळ सोडून न देता थांबून दाखवायची, असं प्रोग्रामला सांगून तिने ती पुन्हा लावली. दीड तास लागला. त्या गावात खरोखरच अर्धवट ओळी होत्या, बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी उम्म जर्राहचा फोन आला. "गेलं गं. सातवं यंत्र, टोमॅटोच्या चार सऱ्या, पाण्याचा पंप, सगळं आत. खड्ड्याचा तळ दिसत नाही."

"सून?"

"इथेच आहे. मला शिव्या देतेय, मजुरी कोण देणार म्हणून."

ताहानी हसली नाही. खात्यात अजून नऊ गावांच्या फाइली तपासायच्या होत्या.