सत्तावीस अंश

तर्जनीच्या टोकाचं तापमान सत्तावीस पूर्णांक दोन. खोलीचं पंचवीस. म्हणजे बाईंचं बोट खुर्चीपेक्षा जेमतेम दोन अंशांनी जिवंत होतं.

"तेहतीसवर न्यायचंय," ताण घालवायला शिकवायला आलेली मुलगी मऊ आवाजात म्हणाली. "खांदे सोडा. श्वास सावकाश. मन निवांत झालं की रक्तवाहिन्या सैलावतात, बोट गरम होतं. बोटाच्या पट्टीतून यंत्र लगेच दाखवतं."

पाणी तपासायच्या त्या प्रयोगशाळेत बाई अकरा महिने दोन टेबलांचं काम ओढत होत्या. शेजारचे अण्णा निवृत्त झाले, जागा भरली नाही. त्यांच्या बाटल्या तेवढ्या बाईंकडे सरकल्या. झोप उडाली. बाईंनी अर्ज केला. वर बैठका झाल्या आणि माणसाऐवजी प्रत्येकाला एकेक यंत्र आलं. 'दुसरं टेबल मला नको' एवढं तोंडावर सांगायचं बाई रोज ठरवत आणि रोज उद्यावर ढकलत.

शनिवारी त्यांनी यंत्र घरी नेलं.

"शांत हो गं बाई," नवरा म्हणाला, "नाहीतर मेमो यायचा!"

रविवारी गच्चीत साडेचौतीस. सोमवारी अण्णांच्या टेबलाशी पुन्हा सत्तावीस. तीन आठवडे बाईंनी नोंदी घेतल्या, आलेख काढला आणि साहेबांपुढे ठेवला. आंधळ्यालाही दिसावा इतका तो स्पष्ट होता. पण साहेब आंधळे नव्हते, साहेब होते.

"म्हणजे रविवारी जमतं की तुम्हाला! सोमवारी प्रयत्न कमी पडतात."

"चहाचा कप धरा हो दोन मिनिटं," शिपाईमामा बाहेर कुजबुजले. "सगळे तेच करतायत. आवक-जावकवाले तर पार छत्तीसला टेकलेत."

वीस वर्षांत बाईंनी एकही आकडा फिरवला नव्हता. त्या दिवशी फिरवला. पस्तीस.

साहेब जातीनं आले. "वा, बाई! ताण पळाला की! मग तिसरं टेबलही तुम्हीच घ्या. तसं वर कळवलंयही मी."

मुलीनं रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

बाईंनी बोटाची पट्टी सोडली, नीट गुंडाळून ठेवली.

"साहेब, तो आकडा चहाचा आहे. माझा नाही. खोडून टाका."

"अहो, पण..."

"आणि तिसरं राहू द्या. उद्यापासून अण्णांच्या टेबलावरची एकही बाटली मी उघडणार नाही."