मुलाखतीची भाषा : मराठी

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ते वनजाच्या संताजीनं अक्षरशः खरं करून दाखवलं. अमेरिकेतून सोळा दिवसांची रजा घेऊन तो म्हैसूरला आला. चौथ्या दिवशी वनजाला पाहिलं, नवव्या दिवशी साखरपुडा, अकराव्या दिवशी लग्न. उरलेल्या पाच दिवसांत दोघांनी लाजत लाजत संसार केला आणि तो ओहायोतल्या लिफ्टा दुरुस्त करायला परत गेला. त्याला आता चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत वनजा फोनवर आपल्याच नवऱ्याच्या प्रेमात पडली. उशिरा पडली खरी, पण पडली ती चांगली आपटून पडली.

आणि मग व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आलं. तीन आठवड्यांनी, मुंबईला. हे लग्न खरं की नुसतं कागदावरचं, हे तिथल्या अमेरिकन वकिलातीतला साहेब चार प्रश्न विचारून ठरवणार. त्याला पटलं तर विमान. नाही पटलं तर पुन्हा कागद, पुन्हा वाट, आणि पुन्हा फोनच्या पडद्यावरचा वीतभर नवरा. त्या विचारानंच वनजाला जेवण जाईना.

घोळ अर्ज भरतानाच झाला होता. म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या एजंटानं विचारलं, "मुलाखतीची भाषा?" वनजा हूटगळ्ळीच्या कन्नड शाळेत चौथीच्या वर्गाची बाई. तिला स्वप्नंसुद्धा कन्नडात पडत. पण तिनं तोंड उघडायच्या आत तिचे वडील गरजले, "मराठी!"

वनजाचे अप्पा, भुजंगराव, घोडेस्वार पोलिसांतून निवृत्त झालेले. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर त्यांनी वर्षानुवर्षं घोडा नाचवलेला. आपले पूर्वज तलवारी घेऊन या मुलखात आले तेव्हापासून आपण घरात मराठीच बोलतो, याची त्यांना भारी मिजास. त्या मराठीत आता निम्मं कन्नड उतरलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं शेजारच्या वहिनींनी. या वहिनी कराडच्या. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेल्या. वनजानं त्यांना दारातच म्हटलं, "अय्यो वहिनी, स्वल्प बसा की, सुम्ने काय उभं राहता!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "वनजा, मुंबईला साहेबाशेजारी जो दुभाषा बसेल, त्याला यातलं 'बसा' तेवढं कळेल गं."

झालं! त्या संध्याकाळपासून अंगणात मुलाखतीची कवायत सुरू झाली. वहिनी साहेब झाल्या, भुजंगराव पंच झाले. नियम एकच, तोंडातून कन्नड शब्द निघाला की कढीपत्त्याच्या झाडाला एक फेरी. पहिल्या दिवशी वनजाच्या एकोणीस फेऱ्या झाल्या. विसाव्याला अप्पा कडाडले, "एवढं पण येत नाही, अल्लवा? कसं होणार मत्ते?" आणि दोन शब्दांच्या दोन फेऱ्या त्यांनी स्वतः घातल्या. ताठ मानेनं, डावा-उजवा करत. वनजा हसून हसून पायरीवर कोसळली.

वहिनींनी प्रश्नांची वही भरली होती. नवऱ्याला काय आवडतं? दहीभात, वर बटाट्याचे वेफर्स चुरून. काही सवय? शिंका लागोपाठ सात देतो, सहावर थांबला तर बेचैन होतो. मग वहिनींनी आवाज चढवला, "नवरा कोणत्या कुशीवर झोपतो?"

"वहिनी! अप्पा आहेत की!"

अप्पांनी आभाळाकडे पाहिलं, उठले आणि काहीही चूक नसताना झाडाला एक फेरी मारून आले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी वनजानं फोनवर संताजीलाच विचारलं. तो म्हणाला, "मी झोपलेलो असतो, मला काय माहीत? तू होतीस की, तू सांग."

"मी कुठे बघितलं? लाजेनं भिंतीकडे तोंड होतं माझं," वनजा म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की तिची बस चुकली.

तीन आठवड्यांत मात्र वनजाची भाषा अशी घोटून निघाली की विचारू नका. "आमचा विवाह उभय कुटुंबांच्या संमतीने पार पडला," असं ती घडाघडा म्हणाली तेव्हा अप्पांचा ऊर भरून आला. वहिनींनी पाठ थोपटली. वहीतले सगळे प्रश्न संपले होते.

मुंबईला अप्पा तिची पिशवी आणि फोन सांभाळत रस्त्यावर थांबले. वनजा आत गेली. काचेपलीकडे एक तरुण साहेब, त्याच्या शेजारी दुभाषी बाई. प्रश्न येत होते, उत्तरं तोफेसारखी सुटत होती. आणि अचानक साहेबानं लिहायचं थांबवलं.

बाई म्हणाल्या, "साहेब म्हणतात, पाठ केलेलं नको. पाहिल्यापासून सात दिवसांत लग्न केलंत. का?"

हा प्रश्न वहीत नव्हता! वनजाची घोटलेली मराठी कुठल्या कुठे पळाली.

"अवसर होता मॅडम, म्हणून करून टाकलं."

वहिनींनी कन्नड शब्द एकेक वेचून काढले होते, पण हा शब्द मराठी तोंडवळ्याचा, त्यामुळे त्याला कुणी अडवलंच नव्हतं. म्हैसुरात शेंबडं पोरसुद्धा घाईला अवसर म्हणतं. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी साहेबाला सांगितलं, आणि त्या इंग्रजीतला एक शब्द वनजानं बरोबर पकडला, कारण म्हैसूरच्या प्रत्येक क्लासच्या पाटीवर तो असतो. ऑपॉर्च्युनिटी! संधी होती म्हणून लग्न केलं! साहेबाचा चेहरा दगड झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अय्यो, बेडा, बेडा! तसं नाही!" वनजानं काचेवर हात आपटला. "अवसर म्हणजे ते नाही मॅडम! बस सुटते बघा, तुम्ही धावता, चप्पल हातात घेऊन धावता, ते! ते!" आणि तिनं काचेसमोर जागच्या जागी धावून दाखवलं. मागची अख्खी रांग बघायला लागली.

"घाई?" बाईंनी विचारलं.

"हां, घाई! त्यांची रजा संपत होती. त्यांना अवसर होता, मला नव्हता, खरं सांगते. तेव्हा ते मला एवढे आवडले पण नव्हते. आता आवडतात. खूप आवडतात. चौदा महिने फोनमध्ये तोंड एवढंसं दिसतं त्यांचं. ते कुठल्या कुशीवर झोपतात मला माहीत नाही मॅडम, मला तिकडे जाऊन बघायचंय! आता मलाच अवसर आहे!"

बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. तशाच हसत त्यांनी सगळं साहेबाला सांगितलं, आणि धावायची जागा आली तेव्हा त्यांचेही हात आपोआप हलले. साहेबानं मान वळवली. त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं वनजाचा पासपोर्ट उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"तो राहू द्या इथेच," बाई म्हणाल्या. "व्हिसा लागून येईल."

वनजा बाहेर आली ती धावतच. सकाळपासून अप्पा जागचे हलले नव्हते. एका दमात तिनं त्यांना सगळं सांगितलं, धावूनसुद्धा दाखवलं. भर रस्त्यात बापलेक पोट धरून हसले.

"पण मराठीतच बोललीस ना?" अप्पांनी डोळे पुसत विचारलं.

"मराठीतच अप्पा! पासपोर्ट आला की तिकीट. पंधरा दिवसांत मी तिकडे!"

"शाब्बास," अप्पा म्हणाले. तीन आठवडे हा माणूस पोरीला तयार करत होता, पण कशासाठी तयार करतोय हे त्याला आत्ता, या रस्त्यावर कळलं. संताजीला कळवायला तिला फोन हवा होता. अप्पांनी तो पिशवीतून काढला, तिच्यापुढे धरला, पण सोडला नाही.

"पंधरा दिवसांत?" ते म्हणाले. "एवढा अवसर कशाला गं, वनू?"