रिपोर्ट नॉर्मल होता

वैजयंती माहेरी करमाळ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी अभिमन्यूच्या घरातून ती गेलेली नव्हती.

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि येण्याआधी रिकाम्या पाइपातून हवा हुंदके देत राहते. तान्हं मूल रडावं तसा आवाज. तो ऐकला की वैजयंती हातातलं काम टाकून मोरीच्या दारात जाऊन उभी राहायची. तेव्हा अभिमन्यू तिच्यावर खेकसायचा. आता तो स्वतःच तिथं जाऊन उभा राहत होता. कधी पाठीमागे बांगड्या वाजल्याचा भास व्हायचा. वळून पाहावं, तर कुणीच नसायचं.

त्या सकाळी त्याची आई बजाबाई पुन्हा होटगीच्या स्थळाचा विषय घेऊन बसली.

"पोरगी लई गुणाची हाय. वैजूची फारकत उरकून टाक. तुझा रिपोट चांगला हाय की! मग दोष कुणात हाय ते सांगाय लागतंय व्हय?"

अभिमन्यू चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. शिकलेला होता. तरी या वाक्यावर तो नेहमीसारखा गप्प राहिला, कारण त्याला ते सोयीचं होतं. शुक्राणूंची संख्या पुरेशी, हालचाल चांगली, रिपोर्ट नॉर्मल, एवढं ऐकून तो मोकळा झाला होता. पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न झाला. वैजयंतीची स्त्रीबीजं काढली, पण एकाही बीजाचा गर्भ झाला नाही. त्यानंतर शेजारच्या डोहाळजेवणात बजाबाईनं भर बायकांत तिला सांगितलं, "तू नगं ओटी भरूस." वैजयंती हातातलं ओटीचं ताट ठेवून उठली. दोन दिवसांनी बॅग भरून निघाली. अभिमन्यू दारात उभा होता. त्यानं अडवलं नाही.

दुपारी त्याला फोन आला. "मी आरजू शेख, टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यातली संशोधक. उपचारांच्या वेळी तुम्ही आमच्या संशोधनासाठी दोनदा नमुने दिले होते. डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचंय. ताईंनाही घेऊन या."

तो एकटाच गेला. डॉक्टरांनी आरजूला समजावून सांगायला सांगितलं. शांत डोळ्यांची तरुण मुलगी होती ती.

"दादा, साध्या तपासणीत शुक्राणू किती आहेत आणि कसे पळतात एवढंच कळतं. पण त्यांच्यात हजारो प्रथिनं असतात, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक स्त्रीबीज ओळखतं, एक त्याला चिकटायला मदत करतं, एक आत गेल्यावर बीजाला जागं करतं. हे जागं करणारं प्रथिन तुमच्या दोन्ही नमुन्यांत जवळजवळ नाहीच."

"पण माझा रिपोर्ट तर नॉर्मल होता!"

"होता. जेवढं तपासलं, तेवढं नॉर्मल होतं."

अभिमन्यूनं डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे वैजयंतीत काही..."

"त्यांची बीजं चांगली होती," डॉक्टर म्हणाले.

"मग दोष माझा!"

"दोष हा शब्दच सोडा," आरजू म्हणाली. "साखरेचा आजार झाला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढतो का? याचा मर्दानगीशी काही संबंध नाही. यावर उपायही करून बघता येतात, खात्री मात्र देता येत नाही. बायका मुकाट्यानं सगळ्या तपासण्या करून घेतात. पुरुषांकडे नमुना मागितला की ते उठून जातात. तुम्ही दिलात म्हणून हे कळलं. ताई आल्या नाहीत?"

घरी परतताना बांगड्यांचा तो आवाज सारखा त्याच्या पाठीशी होता.

त्याच्याकडून सगळं ऐकल्यावर बजाबाईनं आधी आकांडतांडव केलं. मग तिचा आवाज एकाएकी बसला. "आरं देवा! भरल्या ताटावरनं उठवली रं मी तिला!"

दोघं करमाळ्याला गेले. वैजयंती दारात आली. आत या म्हणाली नाही. अभिमन्यूनं तिच्या भावासमोर सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या मुलीचा फोन आला नसता, तर?"

तो खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "तर होटगीची मुलगी घरात आली असती. आणि काही वर्षांनी तिलाही आम्ही असंच परत पाठवलं असतं."

"मला न्यायला आलात?"

"नाही. सांगायला आलो. यायचं की नाही, ते तू ठरव."

वैजयंतीनं दार लावून घेतलं. बजाबाई मात्र सोलापुरात परतल्यावर गल्लीतल्या घराघरांत गेली. "माझ्या सुनंत काय बी न्हवतं. मीच चुकले," असं ज्या ज्या बायकांनी ते ओटीभरण पाहिलं होतं, त्या सगळ्यांना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काहींनी तोंड फिरवलं, काही रडल्या.

पुढे हे कानावर गेल्यावर वैजयंती आली, ती आधी आरजूकडे. तिथं सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मगच घरी. पुन्हा उपचार घ्यायचे का, हे अजून तिनं ठरवलेलं नाही. अभिमन्यूही विचारत नाही. कधी कधी जेवताना ती मधेच थांबून दाराकडे बघते. गेलेलं वर्ष पुसलं जात नाही.

वाचकहो, मूल होत नसेल तर तपासणी दोघांची व्हायला हवी. आणि एकाच्या कागदावर नॉर्मल लिहिलं म्हणून दुसऱ्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. शुक्राणूच्या एवढ्याशा पेशीत काय काय दडलंय, हे विज्ञानालासुद्धा अजून पुरतं कळलेलं नाही. मग कुणाच्या लेकीवर वांझपणाचा शिक्का मारणारे आपण कोण!