मला धुऊ नका

मी एक जुना फिल्टर आहे. पिण्याच्या पाण्याचा नव्हे, माशांच्या टाकीतला. मित्रांनो, टाकीसमोर उभे राहिलात की तुम्ही मासे बघता, रंगीत खडे बघता, हिरवी रोपटी बघता. कोपऱ्यात गुरगुरत बसलेला काळा डबा कोणी बघत नाही. आणि ज्यांनी मला पाहिलं, त्यांनी लगेच धुवायला काढलं. माझं सगळं दुःख ते हेच.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचा डबा, आत छोटी मोटर आणि तिच्याखाली निळा स्पंज. मोटर पाणी ओढते, पाणी स्पंजातून जातं आणि गाळ मागे राहतो. लोकांना वाटतं, एवढंच माझं काम. मुळीच नाही! मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचं विष होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. ते विष खाणारे सूक्ष्म जीव हळूहळू स्पंजात वस्ती करतात. वस्ती जमली की स्पंज तपकिरी होतो, बुळबुळीत होतो. तोच माझा संसार. पण माझ्या खोक्यावर छापलेल्या चित्रात मात्र स्पंज निळाशार होता. त्या चित्राने माझा घात केला.

मला विकत घेतलं एका शिंप्याने. त्याने याआधी घरात साधी मांजरही पाळली नव्हती. पण बटणं आणायला गेला असताना शेजारच्या दुकानात त्याला पिरान्हाची पिल्लं दिसली आणि गडी हरखला. पाळायचं तर असं काही, की पाहुणा दचकला पाहिजे! दुकानदाराने बजावलं होतं, "आधी टाकी चालू करा, मासे नंतर न्या." शिंपी सकाळी मला घेऊन गेला आणि संध्याकाळी मासे घेऊन आला. गिऱ्हाइकांना 'नंतर या' म्हणून महिना महिना फिरवणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र एक दिवस दम निघाला नाही.

पिल्लं आठ होती, कोटाच्या बटणाएवढी. चंदेरी अंगावर काळे ठिपके. दात होते, पण ते दाखवायचा धीर कोणाला होता? खोलीत शिवणयंत्र खडखडलं की सगळी माझ्या मागे येऊन दडत. त्यांची धडधडती अंगं माझ्या पाठीला लागत. मित्रांनो, तेव्हापासून ती मला माझीच वाटू लागली.

शिंप्याची बायको हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणत, अगदी नवरासुद्धा. बाई मनाने सोन्यासारखी, पण स्वच्छतेचं वेड असं की चमचेसुद्धा उकळून घ्यायची. आठवड्याने तिने माझं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"अहो, हे बघितलंत का? ह्यातून पाणी जातं त्या पिल्लांच्या अंगावर! आमच्याकडे अशी वस्तू कोणी टेबलाजवळही येऊ देणार नाही."

तिने स्पंज काढला आणि उकळत्या पाण्यात टाकला. नुकतीच कुठे वस्ती धरू लागली होती, ती एका क्षणात गेली. मग तिने मला ब्रशने घासलं, खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहिलं आणि समाधानाने परत बसवलं. मी संतापाने थरथरत होतो. तिला वाटलं, मोटरमध्ये हवा अडकली. तिने मला दोन चापट्या मारल्या.

पुढच्या सुट्टीला येरे माझ्या मागल्या. आणि त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. मी गुरगुरायचो, खडखडायचो, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझी भाषा कोणाला कळणार? पाणी दुधट झालं. पिल्लं वर येऊन तोंड उघडू मिटू लागली. विष वाढत होतं आणि ते खाणारं माझ्यापाशी कोणी उरलं नव्हतं. एके सकाळी एक पिल्लू तळाशी पडलेलं मी पाहिलं. बाकीची भुकेली होती, त्यांनी त्याची शेपटी कुरतडली. शिंप्याने टाकीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं सिस्टर, ह्यांनी भावालाच खाल्लं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ते पिल्लू विषाने मेलं होतं हो! पण ज्याच्या तोंडात दात, तोच गुन्हेगार. शिंप्याने खाणं वाढवलं. तो कोळंबीचे बारीक तुकडे करून दिवसातून चारदा टाकू लागला. कापडाची कात्री तेवढी त्याने कोळंबीला लावली नाही, एवढीच काय ती शुद्ध शिल्लक होती. उरलेले तुकडे तळाशी सडू लागले आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. आणखी तीन पिल्लं गेली. पाचवं वाचलं, पण त्याची शेपटी अर्धी गेली. त्याचं नाव 'तुटकी' पडलं.

सिस्टरचा धाकटा भाऊ मजा बघायला म्हणून आला. त्याने काचेवर टिचकी मारली, तशी उरलेली चारही माझ्या मागे पळाली.

"दाजी, हे पिरान्हा आहेत की ससे?" तो हसला. "आणि भावंडांनाच खाणार असतील तर ठेवता कशाला? टाका तळ्यात सोडून."

"तळ्यात काय सोडतोस?" सिस्टर कडाडली. "तिथले मासे काय पाप करून आलेत?" मग ती नवऱ्याकडे वळली. "पण आता हे बास. मला हे रोजचं मरण घरात बघवत नाही. आणखी एक गेलं ना, तर उरलेली दुकानात परत."

परत! दुकानात पिरान्हाची पिल्लं एका अरुंद टाकीत दाटीने ठेवलेली असत. तिथे अर्ध्या शेपटीची तुटकी एक दिवससुद्धा टिकली नसती. आणि तिचा जीव कोणाच्या हातात? सुट्टीच्या दिवशी उकळतं पाणी घेऊन येणाऱ्या त्याच प्रेमळ हातांत. मित्रांनो, दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं. जीव लावून वाट लावणाऱ्यावर कसं रागवायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

नंतर जे झालं, त्याबद्दल आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं? हॉस्पिटलात अवजारं उकळताना सिस्टरच्या उजव्या हातावर वाफ आली. हात मनगटापर्यंत भाजला. ती बांधलेला हात घेऊन घरी बसली. शिंप्याकडे तेव्हा शाळेच्या गणवेशांचे ढीग लागले होते, त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. कोळंबी दिवसातून जेमतेम एकदा पडे आणि सगळी संपे. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घाणीत सुखाने बसू दिलं गेलं.

स्पंज तपकिरी झाला. वस्ती धरली, वाढली. पाणी निवळलं. पिल्लं वर येऊन धापा टाकेनाशी झाली. तुटकीच्या शेपटीला काचेसारखी पातळ नवी कड फुटली. ती पाहून मला रडू आलं असतं, पण पाण्यात बुडलेल्याने रडावं कसं?

सिस्टर रिकामपणी टाकीसमोर बसून राही. शिंपी अधूनमधून काळजीने यायचा.

"पट्टी सोडून बघू या का गं? आत काय झालंय कोण जाणे."

"हात नका लावू! सारखं सोडून बघायचं नसतं. आत नवी कातडी धरतेय, तिला तिचं काम करू द्या."

मी ऐकलं आणि माझी मोटर क्षणभर अडखळली. अगं बाई, हेच! हेच मी इतके दिवस ओरडून सांगतोय!

हात बरा झाला. पहिल्याच सुट्टीला सिस्टर बादली घेऊन आली. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. तुटकी माझ्या पाठीला चिकटून होती. सिस्टरने झाकण उघडलं, बुळबुळीत स्पंज बाहेर काढला आणि "शी!" म्हणाली. संपलं सगळं, मला वाटलं. पण ती तिथेच थांबली. स्पंज तिच्या त्याच हातात होता, नव्या गुलाबी कातडीच्या.

"अहो, माझा हात बांधलेला असताना हे धुतलं होतंत का तुम्ही?"

"मी? मला श्वास घ्यायला वेळ नव्हता. का?"

"आणि मेलं एकही नाही." ती खाली बसली. "सगळे जंतू वाईट नसतात, हे मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकले. नव्या मुलींना मीच शिकवते. आणि घरी... मीच मारत होते हो त्यांना. धुऊन धुऊन."

शिंप्याने उठून स्टोव्ह बंद केला.

सिस्टरने टाकीतलंच थोडं पाणी बादलीत घेतलं, स्पंज त्यात हलकेच दोनदा पिळला आणि तसाच तपकिरी परत बसवला. खोक्यावरचं ते चित्र तिने फाडून टाकलं.

त्यानंतर चारही मासे तळहाताएवढे झाले, पोटं लालभडक झाली. त्यांच्यासाठी मोठी टाकी आली. पाहुणे येत आणि शिंप्याचं कौतुक करत. तुटकी सगळ्यांत दांडगी झाली, तरी यंत्र खडखडलं की माझ्यामागे दडायला यायची. अंग मावत नसे, तरी यायची. माझं कौतुक मात्र कोणी केलं नाही. आणि मोटर झिजून आवाज करू लागली, तेव्हा माझ्या जागी नवा फिल्टर आणला गेला.

त्या दिवशी सिस्टरने माझा जुना स्पंज ओलाच्या ओला उचलला आणि नव्याच्या पोटात ठेवला. माझी वस्ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली, एकही मासा न दगावता. समोरच्या फळीवरून मला सगळं दिसतं. पहिले काही दिवस तुटकी नव्यामागे जायला बिचकत होती. आता जाते.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण आधी त्याला काय हवं ते बघा. अति तेथे माती.

स्पंज काढून घेतल्यावर सिस्टरने माझा रिकामा डबा हातात घेतला. आता कोणाला अपाय व्हायची भीती नव्हती. तिने मला उकळत्या पाण्यात बुडवलं, साबण लावून ब्रशने मनसोक्त घासलं, उन्हात वाळवलं आणि मग या फळीवर ठेवलं. मी अगदी लख्ख झालो आहे, खोक्यावरच्या चित्रासारखा. आणि माझा कोणालाच काही उपयोग नाही.