बर्फातला निळा धूर

लीनाला डोंगरावर येऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्यातले सहा दिवस तिने एका गाडीचा धूर बघण्यात घालवले होते. गाडी म्हणजे स्नोमोबिल. पुढे दोन स्की, मागे रुंद पट्टा, बर्फावर स्कूटरसारखी बसून चालवायची. स्की खेळायला येणाऱ्यांच्या लॉजच्या वरच्या झोपडीत गॅसचे सिलिंडर पोचवायचे, कुणी स्कीवरून पडला तर त्याला स्लेजवर घालून खाली आणायचं, ही त्या गाडीची कामं. चढावर ती धापा टाकायची म्हणून तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा, बसवायचं ठरलं, आणि तो बसवला लीनाने.

टर्बो लागला आणि गाडी चढावर अशी सुटली की बघत राहावं. पण अर्धा तास झाला की मागून निळा धूर! निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे लीनाला कुणी शिकवायला नको होतं. चाकणच्या एका कारखान्यात तिने सात वर्षं टर्बोच तपासले होते. मग नवऱ्याच्या, यतीनच्या, व्हिसावर मेलबर्नला आली, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात घर झालं, आणि ती एका वेअरहाऊसात खोकी स्कॅन करायला लागली. नऊ वर्षं! किती अर्ज केले, त्याची गणती नाही. सगळीकडून एकच उत्तर, इथला अनुभव नाही. अहो, कुणी कामच दिलं नाही तर अनुभव काय झाडाला लागतो?

तिच्या बाजूने उभा राहिला तो एकटा नंदूदादा. मूळचा ठाण्याचा, बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात, यतीनच्या क्रिकेट क्लबातला, आणि या लॉजच्या वर्कशॉपचा प्रमुख. त्याने मॅनेजर ग्लेनिसकडे शब्द टाकला. दहा दिवस काम बघायचं. जमलं तर पक्की नोकरी, नाही तर लीना परत खोक्यांकडे. आज दहावा दिवस होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढी अनुभवी बाई, मग सापडत का नव्हतं? तेच तर! धूर दिसला की नंदूदादा दुसऱ्या गाडीने ती गाडी ओढत शेडमध्ये आणायचा. शेडमध्ये मोठा हीटर, कोट काढून काम करावं अशी ऊब. लीना सगळं तपासायची. टर्बोचा दांडा हलतो का? नाही. ऑइलचं प्रेशर? अगदी हवं तेवढं. ऑइल परत इंजिनात उतरायचा पाइप? चांगला रुंद, नीट उतार असलेला. मग शेडमध्येच गाडी सुरू करायची, आणि ती तासभर चालायची, धुराचा मागमूस नाही.

"ही तुला लाजते गं," नंदूदादा म्हणायचा. "डॉक्टर आला की ताप उतरतो ना, तसली केस आहे."

शेवटी त्याने हात टेकले. टर्बोच सदोष आहे असं ग्लेनिसला सांगून मोकळा झाला. कंपनी सोमवारी दुसरा पाठवणार होती. पण लीनाला ते पटलं नव्हतं, आणि पटलं नसताना गप्प बसल्याची तिला लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "दादा, मला एकदा तिला वर न्यायचीय."

"कशाला? धूर बघायला?"

"हो. धूर बघायला."

कुरकुरत का होईना, तो मागे बसला.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. आधी दरी गेली, मग आभाळ गेलं, मग वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळेना. स्नो-गमची, म्हणजे तिथल्या डोंगरी निलगिरीची, वाकडी झाडं एकेक करून समोर यायची, बर्फाने लडबडलेली, आणि न बोलता मागे निघून जायची. इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. लीनाला वाटलं, आपण चालतच नाही आहोत, हा पांढरा डोंगरच हळूहळू आपल्या खालून सरकतोय. खोकी, अर्ज, सोमवार, सगळं कुणा दुसऱ्या बाईचं असल्यासारखं दूर गेलं. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग तो वास आला. तिने मागे पाहिलं. पांढऱ्यात निळी रेघ, सुंदर दिसत होती मेली.

"झालं!" नंदूदादा उतरला. "थांब, रेडिओवर सांगतो. ओढून नेतील शेडमध्ये."

"नको ना. जरा थांब."

तिने इंजिन बंद केलं. एवढी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती. बोलायला सोपं जावं म्हणून तिने तोंडावरचा मफलर खाली ओढला, तर तो पापडासारखा कडक! बाकी सगळा मऊ, फक्त तोंडासमोरचा भाग कडक. तिचाच श्वास तिथे गोठला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. बोटाने दाबला, तो कडकन मोडला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ही पण श्वास सोडते."

इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर पडायला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. टर्बो बसवताना लीनाने ती मुद्दाम लांब केली होती आणि पार पुढे, उघड्या वाऱ्यात नेऊन सोडली होती. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, व्यवस्थित क्लॅम्प लावून. चाकणला सात वर्षं एकच शत्रू होता, उष्णता. जे तापतं ते बिघडतं, म्हणून सगळं गारव्याला न्यायचं. तिच्या हातांनी इथेही तेच केलं होतं, तिला न विचारता.

तिने तिथेच बॉनेट उघडलं आणि नळीचं टोक चाचपलं. आत बर्फाचं बूच बसलं होतं. वाफ कोंडली, इंजिनातला दाब वाढला, टर्बोतलं ऑइल खाली उतरेना, म्हणून ते नको तिथून झिरपून जळत होतं. आणि दर वेळी ते दोघं तिला उबेत नेत होते, दर वेळी बूच वितळून फरशीवर चार थेंब पडत होते. बर्फाच्या गाडीखालचं पाणी कोण बघतं?

चाकूने नळी कापून तिने ती आखूड केली, गरम इंजिनाला चिकटून आतच ठेवली. गाडी सुरू झाली. साचलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर आला, मग विरळ झाला, मग नुसतं धुकं. वरच्या झोपडीपर्यंत गेले, परत आले, एक टिपूस ऑइल कमी नाही.

"वा गं पोरी!" नंदूदादाने तिची पाठ थोपटली. मग शेडच्या दाराशी थांबून आवाज खाली आणला. "आता ऐक. सोमवारी नवा टर्बो येतोय. तो बसवू, काम फत्ते म्हणू. नळीचं कुणाला कळणारेय? दहाव्या दिवशी कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

खरं सांगायचं तर लीनाला ते फार हवंसं वाटलं. एवढं एक गिळलं की नोकरी आपली. पण मग त्या टर्बोच्या माथी खोटा डाग लागणार होता, आणि असले डाग शोधून पुसण्यात तिची सात वर्षं गेली होती. तिला ते जमेना.

ती ग्लेनिसच्या खोलीत गेली, कापलेला तुकडा टेबलावर ठेवला, आणि जमेल तशा इंग्रजीत सगळं सांगितलं. टर्बो चांगला आहे. नळी मी चुकीची नेली. धूर माझ्यामुळे होता.

ग्लेनिसने तुकडा उचलून त्याच्या आरपार पाहिलं. दाराशी नंदूदादाने कपाळाला हात लावला होता.

"बाकीच्या तीन गाड्यांनाही टर्बो लावायचेत," ग्लेनिस म्हणाली. "सोमवारी सात वाजता ये. आणि दोस्त, नळ्या आखूड ठेव."

लीना शेडमागे जाऊन उभी राहिली आणि यतीनला फोन लावला. तिला रडू आवरेना.

"काय झालं गं?" तो घाबरला. "नाही म्हणाले का?"

"चूक झाली रे माझ्या हातून," ती हुंदक्यांतून हसत म्हणाली. "नऊ वर्षांत माझ्या हातून चूक व्हावी असं काही काम कुणी दिलंच नव्हतं मला."