चिकटपट्टीखालचा गारवा

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. पांढरी कसली, पिवळसर झालेय असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! वयाप्रमाणे रंग उतरतोच. पण मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! काचा लावल्या, एसीचं बटण दाबलं, की बाहेर वणवा असला तरी आत नुसता गारवा.

माझे पहिले मालक औषधं विकत गावोगाव फिरायचे. एसी सतत चालू. मी दमायचे, पण कधी कुरकुर केली नाही. पुढे त्यांना नवी गाडी मिळाली आणि मी काकांच्या दारात आले.

काकांनी सारा जन्म एका कारखान्याचं भांडार सांभाळण्यात घालवला होता. वस्तू जपावी कशी, ते त्यांच्याकडून शिकावं! घरात नवे टॉवेल कपाटात, आणि अंग पुसायला विरलेलं फडकं. माझ्या सीटांवर त्यांनी जाड प्लास्टिक चढवलं. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? एसीच्या बटणावर त्यांनी चक्क चिकटपट्टी लावली. "अडीअडचणीला असू दे," म्हणाले. मग काय, भर उन्हाळ्यातही काचा खाली करून आमची वरात निघायची.

काकू मात्र क्वचितच यायच्या. त्यांना मज्जातंतूंचा आजार होता. उकाडा वाढला की पायांतलं बळच जायचं. डॉक्टर म्हणाले, उन्हापासून जपा. झालं! काकांनी त्यांना घरातच ठेवलं. पाण्याचा पेलाही हातात आणून द्यायचे. फाटकापर्यंत यायचं म्हटलं तरी, "अगं, पडशील!" माया होती हो, खोटं कशाला बोलू?

एक दिवस काकूंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई मुलाकडे परदेशी कायमच्या निघाल्या होत्या. "जाण्याआधी एकदा येऊन जा गं," त्या म्हणाल्या. काकूंनी त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली.

वाट लांबची, सगळी उघड्या माळावरून. काकांनी मोठ्या थाटात चिकटपट्टी सोलली, पुन्हा कामी येईल म्हणून समोरच चिकटवून ठेवली आणि बटण दाबलं. मी जीव एकवटला. पण माझ्या तोंडून गरम झोतच बाहेर पडला. गाव संपायच्या आत काकूंचे पाय बधिर झाले. आम्ही मागे फिरलो. काकू मांडीवरच्या पिशवीचे बंद तेवढे ओढत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, गॅस संपलाय. भरला. चार दिवस गार, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. इकडे ताईंच्या जाण्याचा दिवस जवळ येत चालला.

शेवटी काका फक्त एसीचीच कामं करणाऱ्या एका बोलघेवड्या मेकॅनिककडे मला घेऊन आले. काकूही हट्टाने आल्या. "काका, गॅस काय पेट्रोल आहे जळून संपायला?" तो म्हणाला. "कुठून तरी गळतोय. आधी ती जागा शोधू." त्याने गॅसबरोबर चमकणारा रंग सोडला, मला फिरवून आणलं आणि निळा टॉर्च मारला. गॅस दाबून पुढे ढकलणारा जो कॉम्प्रेसर असतो, त्याच्या तोंडाशी हिरवा डाग लखलखला.

"एसी लावता ना अधूनमधून?"

"छे! जपून ठेवलाय," काका छाती फुगवून म्हणाले.

"अहो, तिथंच तर घात झाला! एसी चालला की गॅसबरोबर तेल फिरतं, त्यानं हे रबरी सील ओलं राहतं. तुम्ही बंद ठेवलात. सुकलं, चिरलं. जपून जपून मारलंत की बिचाऱ्याला!"

बाकावरून काकू हसत म्हणाल्या, "मलाही असंच जपलंय यांनी."

हसत म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरून आले होते. काका खाली मान घालून उभे राहिले.

मेकॅनिकने सील बदललं, पंपाने पाइपांतली हवा ओढून काढली, मोजून गॅस भरला. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच माळ ओलांडला. बाहेर रस्ता तापून वितळत होता आणि आत काकूंनी चक्क पदर अंगाभोवती घेतला! ताईंच्या दाराशी काका धावत येऊन हात पुढे करू लागले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मी जाते."

हळूहळू, माझ्या अंगाला धरत, मग कठड्याला धरत त्या गेल्या. काकांचा हात तसाच पुढे राहिला, पण त्यांनी हाक मारली नाही. दारात ताईंनी त्यांना मिठीत घेतलं आणि दोघी लहान मुलींसारख्या रडल्या. मीही गळले, मित्रांनो. पण ते एसीचं पाणी होतं, गाडीखाली असं टपटपलं म्हणजे प्रकृती ठणठणीत!

तेव्हा एवढंच मागणं आहे. आम्हाला पुसा, आमची दुखणी वेळेवर बघा, पण आम्हाला कामही द्या. ज्यांच्यावर माया आहे, त्यांना नुसतं बंद करून ठेवू नका.

आता रोज ऊन उतरलं की काकू आपल्या पायांनी फाटकापर्यंत येतात आणि पुढच्या सीटवर बसतात. चिकटपट्टी केव्हाच गेली. बटणावर डिंकाचा डाग तेवढा उरलाय. काका किल्ली फिरवतात, पण बटणाला हात लावत नाहीत. ते काकू दाबतात.