शेवटच्या रविवारच्या आधी

जुलै आला की आमच्या आयर्लंडच्या कॉनेमारात माणसं वरंब्यांकडे बघत जगतात. जुने बटाटे संपलेले, नवे अजून मातीत, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारआधी कुणी ते उकरले की घरातलं संपलं म्हणून गावभर बोभाटा. नवरा स्कॉटलंडला परक्यांचे बटाटे काढायला गेला होता. इथे मी मक्याच्या पेजेवर तान्ह्या एथनाला पाजत होते आणि दूध आटत चाललं होतं. पोर रडायची, मी दारापासून वरंब्यापर्यंत येरझाऱ्या घालायचे.

सासऱ्यांना, कोलमनना, सांगून पाहिलं.

"या घरानं रविवारआधी फावडं लावलेलं नाही, बार्ब्रा. आणि तो शेजारचा फेस्टी बांधावर टपून बसलाय."

झालं! पोरीपेक्षा फेस्टी मोठा. म्हातारा एवढं मात्र करायचा, रोज संध्याकाळी बहिणीच्या घरून माझ्यासाठी ताकात कुस्करलेल्या बटाट्याचा वाडगा आणायचा. तिच्याकडे जुने उरलेत म्हणायचा. मी गिळायचे आणि मनात त्याच्या अब्रूला शिव्या द्यायचे.

एका दुपारी तो दलदलीवर जळणाच्या मातीची ढेकळं कापायला गेला. फेस्टीही दिसत नव्हता. फाटकाजवळच्या पहिल्या झाडाखाली मी हात खुपसला, झाड उभंच राहील असा. माती भुसभुशीत होती. आत काही नाही. दुसऱ्याखाली नाही, तिसऱ्याखालीही नाही. माझ्याआधी कुणीतरी हात घातला होता. म्हातारा चोरून एकटाच खातोय, असं वाटून माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी वाडगा आला. जिभेला सालीचा तुकडा लागला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. जुन्या बटाट्याची साल अशी नसते. मला स्वतःची लाज वाटली. वाडगा मी चाटूनपुसून साफ केला.

रविवारी पहिले बटाटे काढायला सगळे आमच्या वरंब्यापाशी जमले. फेस्टी आगाऊपणे फावडं घेऊन थेट फाटकाजवळच्या झाडाकडे निघाला. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"थांबा, फेस्टीकाका," मी म्हणाले. "लेक जन्मल्यावरचे हे पहिले बटाटे. झाड तीच निवडेल."

एथनाला मी पार दुसऱ्या टोकाला नेऊन वाकवलं. तिनं पानं मुठीत धरली. फेस्टीनं तिथं फावडं घातलं आणि पांढरेशुभ्र बटाटे भसाभस वर आले.

सासरे माझ्याकडे बघत राहिले.

"पोर आईवर गेलीय," म्हणाले, आणि भांडं आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.